परत पाठवलेलं पत्र : एका शिळाछापाचं प्रकरण

मे 1885 च्या अखेरीस हॉलंडमधल्या न्यूनेन या खेड्यातून एक पाकीट उट्रेख्टला गेलं. आत दोन-तीन ओळींची चिठ्ठी होती आणि तिच्यासोबत एक पत्र. ज्याच्या नावाने पाकीट निघालं होतं त्यानेच ते पत्र नुकतंच लिहिलं होतं. तुझं पत्र मिळालं, आश्चर्य वाटलं, सोबत परत पाठवतो आहे, एवढाच चिठ्ठीचा मतलब. पाठवणारा 32 वर्षांचा व्हिन्सेंट व्हॅन गॉग. ज्याला पाठवलं तो 27 वर्षांचा चित्रकार अँथन व्हॅन रापार्ड, व्हिन्सेंटचा पाच वर्षांपासूनचा जिवलग मित्र. परत गेलेल्या त्या पत्रात त्याने व्हिन्सेंटच्या ‘बटाटे खाणारे’ या चित्राच्या शिळाछापावर, म्हणजे दगडावरून छापलेल्या प्रतीवर, कडक टीका केली होती.

मी चित्रकला शिकवते. माझ्याकडे शिकायला येणारी मुलं रात्री साडेअकराला चित्राचा फोटो पाठवतात आणि खाली लिहितात, ‘मॅडम, कसं झालंय?’ उत्तर द्यायला दहा मिनिटं लागली, तर कधी कधी तो फोटोच काढून टाकलेला असतो. या तीन शब्दांत दोन प्रश्न असतात, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. एक प्रश्न चित्राचा. दुसरा, ‘मी चित्रकार आहे ना?’ पहिल्याचं उत्तर मला देता येतं, ते देणं माझं कामच आहे. दुसऱ्याचं उत्तर देण्याचा अधिकार मला कुणी दिलेला नाही. तरी ते माझ्या तोंडून एकदा गेलं. एका मुलाने आजीचं चित्र आणलं होतं. आजीचा हात खांद्यापासून आखूड पडला होता. मी तो दाखवला, इथवर ठीक होतं. पुढे मी म्हणाले, ‘तू हे मनापासून केलेलंच नाहीस.’ तो ‘हो मॅडम’ म्हणाला, वही मिटली आणि त्यानंतर आला नाही. हात आखूड होता, यात मी आजही चूक नाही. पण रापार्डचं पत्र पुन्हा वाचायला काढलं ते त्या मुलामुळे.

त्याआधीचं सगळं

व्हिन्सेंट चित्रकार व्हायचं ठरवतो ते 1880 मध्ये, वयाच्या 27 व्या वर्षी. तोवर कलाविक्रेत्यांकडची नोकरी गेलेली, शाळामास्तरकी करून झालेली, पुस्तकांच्या दुकानात काही महिने गेलेले, आणि बेल्जियमच्या बोरिनाज भागात कोळसा खाणीतल्या कामगारांमध्ये धर्मप्रचारकाचं कामही हातचं गेलेलं. घरी वडील पाद्री. थोरला मुलगा काही ना काही करून पोटापुरतं मिळवेल, ही त्यांची साधी अपेक्षा होती. धाकटा भाऊ थिओ मात्र कलाविक्रीच्या धंद्यात नीट रुळला, पुढे पॅरिसला गेला आणि दर महिन्याला व्हिन्सेंटला पैसे पाठवू लागला.

हे पैसे नीट समजून घ्यायला हवेत, कारण प्रकरणाचं मूळ बरंचसं तिथे आहे. भावाकडून दर महिन्याला पैसे घेणारा तिशीतला माणूस रोज स्वतःला काय सांगत असेल, हे आपल्याकडच्या कुठल्याही धडपडणाऱ्या कलाकाराला विचारावं. 1884 च्या सुरुवातीला व्हिन्सेंटनेच त्यावर तोड काढली. मी केलेलं सगळं काम तुझं आणि तू पाठवतोस ते त्याचे पैसे, असं त्याने थिओला लिहिलं. भीक नको, मोबदला हवा. पण मोबदला म्हटलं की माल दाखवावा लागतो, आणि व्हिन्सेंटकडे तोवर होते ते अभ्यास, म्हणजे सरावाची चित्रं. हे माझं पूर्ण चित्र असं म्हणून पॅरिसला पाठवावं, असं काही नव्हतं.

रापार्ड त्याला 1880 मध्ये ब्रसेल्सला भेटला होता. खानदानी घरचा, खाऊनपिऊन सुखी, अकादमीत शिकलेला. दोघांना एकच वेड होतं. इंग्रजी सचित्र साप्ताहिकांत लाकडी ठशांवरून छापलेली कामकरी माणसांची चित्रं कापून जमवायची आणि जास्तीची झाली की एकमेकांना द्यायची. व्हिन्सेंटने त्याला लिहिलेली पन्नासहून अधिक पत्रं आज उपलब्ध आहेत. 1884 मध्ये रापार्ड न्यूनेनला दोनदा येऊन राहिलाही. व्हिन्सेंटच्या आयुष्यात तेव्हा थिओ होता, पण थिओ विकणारा, रंगवणारा नव्हे. हात रंगात बुडालेला आणि आपलं काम समजणारा जवळचा माणूस म्हणजे रापार्ड. त्याच्या शब्दाला म्हणूनच एवढं वजन आलं होतं.

1884-85 च्या हिवाळ्यात व्हिन्सेंटने शेतकऱ्यांचे चेहरे रंगवायला घेतले. 50 डोकी करायची असं त्याने थिओला लिहून ठेवलं होतं. एकामागून एक, अंधाऱ्या झोपड्यांतून, थंडीत. मग एका संध्याकाळी डी ग्रोट कुटुंब दिव्याखाली बटाटे खात बसलेलं त्याने पाहिलं, आणि ठरलं. पाच माणसं, छताला टांगलेला एकच दिवा, मध्ये बटाट्यांचं ताट, कॉफी. रंग कसा हवा? सालीसकटच्या, मातीने माखलेल्या बटाट्याचा. ज्या हातांनी ताटातलं उचलताहेत त्याच हातांनी या लोकांनी जमीन खणली आहे, अन्न प्रामाणिकपणे कमावलेलं आहे, हे दिसलं पाहिजे, असं त्याने थिओला लिहिलं.

26 मार्च 1885 ला वडील अचानक गेले. चित्र चालूच राहिलं. 1 मे हा थिओचा वाढदिवस, तोवर चित्र पूर्ण करून पाठवायचं होतं. नाही जमलं. 30 एप्रिलला त्याने शुभेच्छांचं पत्र तेवढं पाठवलं. त्या पत्रातली एक गोष्ट मला फार जवळची वाटते. चित्र जवळ राहिलं तर आपण लहान कुंचल्याने खुडबुड करत ते बिघडवून टाकू, या भीतीने त्याने ते एका मित्राच्या घरी नेऊन ठेवलं होतं, आणि मित्राला सांगितलं होतं की मी बिघडवणार नाही एवढं बघ. स्वतःच्या हाताची इतकी धास्ती, आणि त्याच हाताने हिवाळाभर केलेलं काम.

दगडावरचं चित्र

एप्रिलमध्येच व्हिन्सेंट आइंडहोवनच्या एका छापखान्यात गेला आणि ही मांडणी त्याने दगडावर काढली. शिळाछाप आपल्याला नवा नाही. राजा रविवर्म्याच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या भिंतींवर गेल्या त्या याच तंत्राने. गुळगुळीत घासलेल्या दगडावर तेलकट खडूने काढायचं, दगड ओला करायचा, वर शाई फिरवायची. ओला दगड शाई झटकतो, तेलकट रेघ ती धरते. कागद दाबला की चित्र उलटं उमटतं, डावीकडचं उजवीकडे. म्हणून छापातली कॉफी ओतणारी बाई डावीकडे दिसते आणि रंगीत चित्रात उजवीकडे.

व्हिन्सेंटने हे दगडावर एका दिवसात काढलं, आठवणीतून. मांडणी जमते का, ते पाहायचं होतं. छाप हाती येताच मात्र त्याने तो वाटायला सुरुवात केली. थिओला, थिओमार्फत पोर्तिए नावाच्या पॅरिसमधल्या एका विक्रेत्याला, आणि रापार्डला. पोर्तिएने आधीच्या अभ्यासांत ‘व्यक्तिमत्त्व’ आहे असं काहीसं म्हटलं होतं. तो एक शब्द भावाच्या पत्रातून न्यूनेनला पोचला आणि व्हिन्सेंटला हुरूप आला. तहानलेल्याला ओंजळभर पाणीही पुरतं. पण एका दिवसात आठवणीतून काढलेला, उलटा उमटलेला कच्चा छाप त्याने जगापुढे ठेवला आणि मूळ चित्र अजून पूर्ण व्हायचं होतं, हे मी मुलांना मुद्दाम सांगते. घाई झाली होती. दाद हवी असते तेव्हा आपण अर्धवट काम दाखवतो, आणि समोरच्याने त्यात पूर्ण चित्र पाहावं अशी आशा करतो.

रापार्डने काय लिहिलं

24 मे 1885 च्या पत्राची सुरुवात छापापासून होत नाही. व्हिन्सेंटच्या वडिलांच्या निधनाची छापील सूचना रापार्डला मिळाली होती, सोबत मित्राचा एक शब्द नव्हता. ते त्याला लागलं होतं. हा राग मनात ठेवून तो छापाकडे वळतो.

मग एकेक घाव. हे काम तू मनावर घेऊन केलेलं नाहीस, हे तूही मान्य करशील. तुला याहून चांगलं येतं, मग सगळं असं वरवर का पाहिलंस? माणसांच्या हालचालींचा अभ्यास का नाही केलास, ही तर नुसती पोज देऊन बसली आहेत. मागच्या बाईचा तो लाडिक हात किती खोटा आहे. किटली ठेवलेली नाही, धरलेलीही नाही, मग ती करते आहे तरी काय? उजवीकडच्या माणसाला गुडघा, पोट, फुप्फुसं का नसावीत, की ती त्याच्या पाठीत आहेत? त्याचा हात एक मीटर आखूड का? नाक अर्धंच का? डावीकडच्या बाईच्या नाकाच्या जागी पाइपची दांडी आणि तिच्या टोकाला ठोकळा का? आणि असं काम करून तू शेतकरी रंगवणाऱ्या मिले आणि ब्रेतों यांची नावं घेतोस? कला इतकी हलक्यात घेण्याची गोष्ट नाही.

मी शिक्षक म्हणून छाप समोर ठेवून हे मुद्दे तपासते तेव्हा बहुतेक ठिकाणी रापार्ड बरोबर निघतो. त्या माणसाच्या अंगरख्याखाली खरोखर शरीर नाही. हात आखूड आहे. पाच माणसं एका टेबलाभोवती बसली आहेत, तरी कुणाची नजर कुणाला भिडत नाही. शिकलेल्या डोळ्याला जे दिसायचं ते त्याला दिसलं.

व्हिन्सेंटने पत्र परत केलं ते या चुका दाखवल्या म्हणून, असं म्हणायला जागा राहत नाही. कारण तीच चूक त्या दिवसांत थिओनेही दाखवली होती. मूळ चित्र मिळाल्यावर थिओने लिहिलं की चेहऱ्यांच्या मानाने धडं कमजोर आहेत. त्यावर व्हिन्सेंटचं उत्तर शांत आहे. बरोबर आहे, म्हणतो. चेहऱ्यांऐवजी धडापासून सुरुवात करायला हवी होती असं मलाही वाटलं, पण मग ते वेगळंच चित्र झालं असतं. उत्तर मोकळं आणि मुद्द्याला धरून.

दोघांनीही पोटाला हात घातला. फरक असा की थिओ धडाविषयी बोलला आणि थांबला. रापार्डने धडावरून माणूस मोजला. ‘मनावर घेऊन केलेलं नाहीस’ या वाक्यात हिवाळाभरची डोकी, थंडीतल्या झोपड्या, वडील गेल्यावरही न थांबलेलं काम, सगळं पुसलं गेलं. व्हिन्सेंटला चित्रात शंका होती. आपल्या निष्ठेविषयी नव्हती. आणि ज्या एका माणसाला ती निष्ठा दिसत असेल असं त्याने धरलं होतं, त्यालाच ती दिसली नाही.

रापार्डच्या बाजूनेही पाहायला हवं. त्याने दुष्टपणा केला असं मला वाटत नाही. तोही दुखावलेला होता, आणि मित्र स्वतःला वाया घालवतो आहे या काळजीनेही तो बोलला असेल. ‘तुला याहून चांगलं येतं’ हे वाक्य कौतुकाचंच आहे, फक्त ते चाबकाला बांधून आलं.

तोंडाने नाही, हाताने हो

पुढे जुलै ते सप्टेंबर पत्रांची झुंबड आहे, आणि त्यातला व्हिन्सेंट नेहमीच आवडतो असं नाही. तो रापार्डला म्हणतो, ते पत्र विनाअट मागे घे. पुन्हा म्हणतो. समजुतीची वाट निघाली की त्याच अटीवर येऊन अडतो. मान्यता मागून मिळत नाही, पण तो आता ती दटावून मागत होता. सप्टेंबरनंतर दोघांचं बोलणं संपलं ते कायमचं. व्हिन्सेंट गेल्यावर रापार्डने त्याच्या आईला पत्र लिहिलं. गैरसमजाने शेवटची वर्षं आम्ही दुरावलो, त्याचा मला वारंवार पश्चात्ताप झाला, असं त्यात आहे. इतकं स्वतःकडून मागणाऱ्या माणसातूनच मोठे कलावंत होतात, असंही. हे जिवंतपणी पोचलं असतं तर, असं वाचताना दर वेळी मनात येतं. 1892 मध्ये रापार्डही गेला, वय अवघं 33.

पण त्या उन्हाळ्यात व्हिन्सेंटचा हात काय करत होता, ते पाहा. 1885 च्या उन्हाळ्यात त्याने शेतात राबणाऱ्या माणसांची मोठी रेखाटनं केली: खणणाऱ्या, वाकून वेचणाऱ्या बाया, कापणी करणारे. आणि ती सगळी पाठीतून, कमरेतून, पोटातून उभी केलेली. आकृती बाहेरच्या रेषेने न धरता मधल्या घडणीपासून उचलायची, असं फ्रेंच चित्रकार देलाक्रुआ सांगत असे, हे त्याने याच काळात वाचलं आणि थिओला उत्साहाने लिहिलं. म्हणजे ज्या पत्राचा एकही शब्द मान्य करायला तो तयार नव्हता, त्यातल्या सर्वांत टोचऱ्या प्रश्नाचं, पोट कुठे आहे या प्रश्नाचं, उत्तर तो रोज कागदावर देत होता.

ऑगस्टमध्ये त्याने रापार्डलाच लिहिलं की मला जे अजून जमत नाही तेच मी करत राहतो, ते जमावं म्हणून. हे वाक्य आज भिंतींवर लावलं जातं. ते भांडणाच्या मध्यावर, खाली मान घालायला लावणाऱ्या माणसाला लिहिलेलं आहे, हे कळलं की त्याची चव बदलते. त्यात ‘जमत नाही’ ही कबुली आहे. पत्र परत केलेल्या माणसाने दिलेली.

त्याच उन्हाळ्यात सेरे नावाच्या एका चित्रकाराचं मत थिओकडून आलं, तेव्हा व्हिन्सेंटने कळवलं की माझ्या आकृती अकादमीच्या अर्थाने बिनचूक झाल्या तर मी हताश होईन. मायकेलअँजेलोच्या आकृतींचे पाय लांब असतात, तरी त्या मला भव्य वाटतात. मला अशा चुका शिकायच्या आहेत ज्या नुसत्या खऱ्यापेक्षा जास्त खऱ्या ठरतील. हा नुसता बचाव नाही. आपल्याला काय हवं आहे हे टीकेच्या घुसळणीतून त्याला अधिक स्पष्ट झालं. पण हा युक्तिवाद वाचून हरखून जाणाऱ्या माझ्या मुलांना मी एक सांगते. हे लिहिणारा माणूस त्याच दिवसांत पाठी आणि पोटं काढत होता. हे दोन्ही एकत्र असेल तरच ते बोलणं शोभतं.

बेल्जियममधल्या अँटवर्पचं सांगायचं तर थोडंच आहे. जानेवारी 1886 मध्ये तो तिथल्या अकादमीत दाखल झाला. पुतळ्यांवरून काढण्याच्या वर्गात शिक्षकांशी खटके उडाले आणि अकादमीने त्याला खालच्या वर्गात टाकायचं ठरवलं. निकाल लागेपर्यंत तो पॅरिसला पोचला होता. पाच वर्षं मागितलेली पावती संस्थेनेही दिली नाही.

दाद आली तेव्हा

पॅरिसमध्ये त्याचे रंग बदलले, निवळले. तरी 1887 च्या शरदात धाकटी बहीण विल हिला लिहिताना तो म्हणतो की न्यूनेनला केलेलं बटाटे खाणाऱ्यांचं चित्र हेच मी केलेलं सर्वांत चांगलं काम. तोवर त्या चित्राला ना गिऱ्हाईक मिळालं होतं ना कौतुक. हा निवाडा त्याचा त्यानेच दिलेला होता.

आणि ज्याची वाट पाहिली ते 1890 च्या जानेवारीत आलं. पॅरिसच्या ‘मेर्क्यूर द फ्रान्स’ या नियतकालिकात अल्बेर ओरिए या तरुण समीक्षकाने त्याच्यावर भरभरून लेख लिहिला. त्याच सुमारास ब्रसेल्सच्या प्रदर्शनात ‘लाल द्राक्षमळा’ हे चित्र 400 फ्रँकला गेलं, घेणारी आना बॉक, स्वतः चित्रकार. व्हिन्सेंट तेव्हा सेंट-रेमीच्या मनोरुग्णालयात होता. त्याने ओरिएला आभाराचं पत्र लिहिलं, पण त्यात म्हटलं की हे कौतुक माझ्याआधी गोगँ आणि मोंतिचेली या चित्रकारांच्या वाट्याचं आहे. एप्रिलअखेर त्याने थिओला सांगितलं, माझ्यावर आणखी लिहू नका अशी ओरिएला विनंती कर. चित्रं काढताना मन रमतं, त्यांच्याविषयी बोललेलं ऐकलं की त्रास होतो. आईला तर लिहिलं की लेख वाचताच आता याची शिक्षा भोगावी लागणार, अशी धास्ती वाटली.

आजाराने पोखरलेल्या माणसाच्या या ओळी आहेत, त्यांवर भलते इमले रचू नयेत. एवढं मात्र दिसतं की आखूड हातावरच्या शिव्या आणि भरभरून स्तुती, दोन्हींत त्याला तोच धोका वाटला. दोन्ही चित्रावरून सरकून त्याच्यावर येत होत्या.

त्याच एप्रिलमध्ये त्याने थिओकडे आणखी एक मागणी केली. हॉलंडच्या काळातली माझी जुनी आकृतिचित्रं शोधून पाठव. ते शेतकऱ्यांच्या जेवणाचं, दिव्याच्या उजेडाचं चित्र एव्हाना अगदी काळं पडलं असेल, मला ते आठवणीतून पुन्हा करता येईल असं वाटतं. त्या दिवसांतली काळ्या खडूची रेखाटनं आहेत. टेबलाभोवती शेतकरी माणसं सूप पीत बसली आहेत, आणि प्रत्येकाच्या कपड्यांखाली पाठ आहे, खांदे आहेत, पोट आहे.